विश्लेषण : कर शून्य, तरी विवरणपत्र का भरायचे? घरगुती व्यवसायाच्या उत्पन्नाचे नेमके गणित काय?

डोंबिवली, चिंचवड, नाशिक किंवा कोल्हापुरातल्या कोणत्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडावा. घरगुती डबे, उकडीचे मोदक, गोधडी, ब्लाऊजची शिवण, केक, मसाले, ‘आजची ऑर्डर बंद’ असे संदेश दिसतातच. यातले बहुतेक व्यवसाय महिला चालवतात आणि बहुतेकांचे पैसे आता यूपीआयने येतात. हिशेब मात्र अजूनही फ्रिजवरच्या कॅलेंडरवर किंवा मनातच असतो. ‘आपले उत्पन्न ते केवढे, आपल्याला कसला आलाय कर?’ या समजापोटी विवरणपत्र भरले जात नाही. कर खरोखरच लागत नाही, हे अनेकदा बरोबर असते. पण म्हणून विवरणपत्र नको, हा निष्कर्ष चुकतो आणि त्याची किंमत कर्ज मागायला गेल्यावर कळते.

यूपीआयमुळे कोणाला नोटीस आली होती?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. आधार होता यूपीआयवरून जमा झालेल्या रकमांचा. हावेरीतील एका भाजी विक्रेत्याला चार वर्षांतील १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाख रुपयांची नोटीस आल्याची बातमी देशभर गाजली. ताजी भाजी मुळात जीएसटीमुक्त आहे. बेंगळुरूतील दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. करमुक्त वस्तू विकणाऱ्यांकडून कर घेतला जाणार नाही, असे राज्य सरकारने नंतर स्पष्ट केले.

या प्रकरणातून अनेक घरगुती व्यावसायिकांनी ‘रोखीने घ्या’ एवढाच धडा घेतला. तो उलटा धडा आहे. खात्यात आलेली रक्कम म्हणजे नफा नव्हे, आणि प्रत्येक वेळी ती विक्रीही नसते. पण भावाने पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि डब्यांचे पैसे एकाच खात्यात येत असतील, तर कोणती रक्कम कशाची हे सांगण्याची जबाबदारी खातेदारावर येते. व्यवसायासाठी वेगळे बचत खाते आणि त्याचाच क्यूआर कोड ठेवला, तर हा प्रश्न फारसा उरतच नाही. सुरुवातीला चालू खातेच हवे, असेही नाही. मात्र अनेक बँका बचत खात्यात नियमित व्यापारी व्यवहार चालू देत नाहीत, त्यामुळे बँकेत एकदा विचारून घेतलेले बरे.

घरून केलेल्या कामाचे उत्पन्न करपात्र असते का?

असते. ‘घरगुती’ असा वेगळा वर्ग आयकर कायद्यात नाही. स्वयंपाकघरात केलेले लाडू असोत की गाळ्यात केलेले, दोन्हींचा नफा ‘व्यवसाय किंवा पेशापासूनचे उत्पन्न’ याच शीर्षकाखाली येतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांच्या टप्प्यावर १० टक्के आणि पुढे चढत्या दराने कर आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७-ए खालील रिबेटमुळे हा कर शून्य होतो. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट व्यवसायाच्या उत्पन्नाला नाही. म्हणून ‘पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य नोकरदारांसाठी आहे, मसाले विकणाऱ्यांसाठी नव्हे.

रिबेट मिळतो म्हणजे विवरणपत्रातून सूट मिळते, असे नाही. रिबेटपूर्वीचे एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र बंधनकारक होते. उत्पन्न त्याहून कमी असले तरी व्यवसायाची उलाढाल ६० लाखांवर गेली, टीडीएस-टीसीएस मिळून २५ हजार किंवा अधिक कापले गेले किंवा वर्षाचे वीजबिल १ लाखावर गेले, तरीही ते भरावे लागते.

नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. मात्र २०२५-२६ मध्ये मिळवलेल्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो, त्यामुळे इथे जुनी कलमे दिली आहेत.

अनुमानित करआकारणी म्हणजे काय?

छोट्या व्यावसायिकाने प्रत्येक पावती जपून, वह्या लिहून, नफा-तोटा काढत बसावे ही अपेक्षा अवास्तव आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. कलम ४४-एडी त्यासाठी आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत), तर उलाढालीच्या ८ टक्के रक्कम नफा म्हणून धरता येते. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील, तर त्या भागावर ६ टक्के. म्हणजे रोखीपेक्षा यूपीआयवर कायदा कमी नफा गृहीत धरतो. ‘फक्त रोख’ची पाटी लावणाऱ्यांच्या हे सहसा गावीही नसते.

समजा, ठाण्यात एक महिला डबे पुरवते. महिन्याला १ लाख २० हजारांचे डबे, म्हणजे वर्षाची उलाढाल १४ लाख ४० हजार. त्यातले १२ लाख यूपीआयने आले आणि २ लाख ४० हजार रोखीने. १२ लाखांचे ६ टक्के ७२ हजार, २ लाख ४० हजारांचे ८ टक्के १९,२००. गृहीत नफा झाला ९१,२०० रुपये. मग किराणा, भाजी, मदतनीस बाईंचा पगार, डबे पोहोचवणाऱ्याचे पैसे, घसारा यांपैकी काहीही वेगळे वजा होत नाही. ते सगळे या टक्केवारीत धरलेले असते. आयटीआर-४ म्हणजे ‘सुगम’ हा अर्ज पुरतो. कर निघतच असेल, तर आगाऊ कराचे चार हप्ते न भरता तो १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो.

एक अट मात्र डोळसपणे वाचायला हवी. ही पद्धत एकदा घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत कधी सोडली, तर सोडल्यानंतर पाच वर्षे ती पुन्हा मिळत नाही. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल, तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही मागे लागतात.

मग ९१ हजार दाखवायचे की खरा नफा?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. डबेवाल्या ताईंच्या हाती महिन्याला १ लाख २० हजारांतून खर्च जाऊन ३६ हजार उरत असतील, तर वर्षाचा खरा नफा ४ लाख ३२ हजार आहे. कायद्याचे शब्द ‘६ किंवा ८ टक्के’ एवढ्यावर थांबत नाहीत. ‘किंवा त्याहून जास्त मिळवल्याचे सांगितलेली रक्कम’ असा पुढचा भाग आहे. ६ आणि ८ टक्के ही किमान पातळी आहे.

आता गणित पाहू. ९१,२०० दाखवले तर कर शून्य. ४ लाख ३२ हजार दाखवले तर ४ लाखांवरच्या ३२ हजारांवर ५ टक्के म्हणजे १,६०० रुपये कर निघतो, तो रिबेटमध्ये जातो. कर पुन्हा शून्य. खिशातून एक रुपया जास्त जात नसताना उत्पन्न पाऊण-एक लाखावर दाबून ठेवण्यात कसला शहाणपणा आहे?

तोटा मात्र आहे. बँका व्यवसायासाठी किंवा घरासाठी कर्ज देताना सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात आणि हप्ता किती झेपेल हे त्यावरून ठरवतात. ९१ हजारांच्या उत्पन्नावर महिना साडेसात हजार पडतात. त्यात मोठा ओव्हन घ्यायला कर्ज मिळणे अवघड, मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून उभे राहणे आणखी अवघड. रस्ता अपघातातील भरपाईच्या दाव्यांतही विवरणपत्र हा उत्पन्नाचा भक्कम पुरावा मानला जातो. कागदावर उत्पन्नच नसलेल्या बाईच्या कमाईची किंमत तिथे अंदाजावर ठरते. शिवाय ९१ हजार उत्पन्न दाखवणाऱ्या व्यक्तीच्या नावाने त्याच वर्षी तीन लाखांची मुदत ठेव निघाली, तर पैसा कुठून आला हा प्रश्न कर अधिकारी विचारू शकतो.

खरा नफा सांगायचा तर तो माहीत असावा लागतो. अनुमानित पद्धतीत वह्या ठेवणे बंधनकारक नाही. तरी रोजची विक्री आणि रोजचा खर्च एवढी दोन रकान्यांची वही पुरते.

ही पद्धत कोणाला नाही?

दलाली किंवा कमिशनवरच्या कामाला नाही. विमा एजंट, कमिशनवर कंपन्यांची उत्पादने खपवणारे यात बसत नाहीत. व्हॉट्सॲपवर साड्या विकणाऱ्यांनी इथे जपून पाहावे. साडी स्वतः विकत घेऊन पुढे विकली तर तो व्यापार, आणि विक्रीची पूर्ण किंमत ही उलाढाल. साडी थेट व्यापाऱ्याकडून ग्राहकाला गेली आणि हाती फक्त कमिशन आले, तर ४४-एडी बंद.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, लेखापाल, अंतर्गत सजावटकार, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक पेशांसाठी वेगळे कलम ४४-एडीए आहे. तिथे एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा धरली जाते आणि मर्यादा ५० लाखांची, रोख ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांची. शिकवणी वर्ग या यादीत नाहीत. त्यांनी कोणत्या कलमाखाली जावे यावर सीए मंडळींतही एकमत नाही, तेव्हा घरी शिकवण्या घेणाऱ्यांनी एकदा सल्ला घेऊनच अर्ज निवडावा.

घरभाडे, वीज, ओव्हन वजा करता येतो का?

येतो, पण अनुमानित पद्धत न घेता प्रत्यक्ष हिशेब मांडला तरच. नफ्याचे प्रमाण खरोखरच ६-८ टक्क्यांहून कमी असेल किंवा व्यवसाय ४४-एडीत बसतच नसेल, तर हा मार्ग.

घर भाड्याचे असेल आणि त्यातला काही भाग कामासाठी वापरात असेल, तर भाड्याचा तेवढा हिस्सा खर्चात धरता येतो. ५०० चौरस फुटांच्या घरात १०० चौरस फुटांची खोली शिलाईला दिली असेल, तर भाड्याचा पाचवा भाग. स्वतःच्या मालकीच्या घराचे ‘भाडे’ मात्र स्वतःलाच लावता येत नाही. वीज, फोन, इंटरनेट यांचा व्यवसायापुरता भाग, कच्चा माल, वेष्टन, कुरिअर, मजुरी हे सगळे चालते. ओव्हन किंवा शिलाई मशिनची पूर्ण किंमत एका वर्षात वजा होत नाही, त्यावर १५ टक्के घसारा मिळतो. ६० हजारांच्या ओव्हनवर पहिल्या वर्षी ९ हजार. वर्षात तो १८० दिवसांहून कमी वापरला, तर साडेचार हजार. संगणकाला ४० टक्के, फर्निचरला १० टक्के.

एकाच व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च अमान्य होतो. घाऊक बाजारातून दिवाळीचा सुकामेवा रोखीने उचलणाऱ्यांना हा नियम हमखास नडतो. आणि एक गंमत: घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास मनाई आहे. त्याचे बिल खर्चात लावणे म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देणे.

८०-सीचे काय?

पीपीएफ, विमा हप्ता, आरोग्य विमा यांच्या वजावटी जुन्या करप्रणालीतच मिळतात. वर्षाला ९ लाख नफा असलेल्या व्यक्तीने ८०-सीचे दीड लाख आणि ८०-डीचे २५ हजार वजा केले, तरी जुन्या प्रणालीत ७ लाख २५ हजारांवर उपकरासह ५९,८०० रुपये कर येतो. नव्या प्रणालीत काहीही न गुंतवता शून्य. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना जुनी प्रणाली हवी असल्यास मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तिथून नव्या प्रणालीत एकदाच परतता येते आणि मग व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचे दार बंद. पगारदारांसारखी दरवर्षी अदलाबदल करण्याची मोकळीक नाही.

क्यूआर कोड नवऱ्याच्या नावाचा असेल तर?

हे सर्रास दिसते. काम बायकोचे, खाते नवऱ्याचे. नवऱ्याचा पगार १२ लाख असेल, तर प्रमाणित वजावटीनंतर ११ लाख २५ हजार उरतात आणि त्याला कर नाही. त्याच्या खात्यात आलेले डब्यांचे ४ लाख ३२ हजार त्याचेच उत्पन्न धरले गेले, तर एकूण १५ लाख ५७ हजार होतात. रिबेट जातो आणि उपकरासह १ लाख १८ हजार ९२ रुपये कर उभा राहतो. तेच पैसे तिच्या खात्यात, तिच्या पॅनवर आले असते तर दोघांचाही कर शून्य होता.

दुसरी बाजूही आहे. नवऱ्याने भेट दिलेल्या पैशांवर बायकोने व्यवसाय उभा केला, तर एकूण भांडवलात त्या भेटीचा जेवढा वाटा, तेवढ्या प्रमाणात नफा कलम ६४ नुसार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. तिच्या स्वतःच्या बचतीतून किंवा बँकेच्या कर्जातून उभा राहिलेला भाग तिचाच. नवऱ्याकडून पैसे घ्यायचेच असतील, तर बँकेतून, व्याज ठरवून, लिहून घेतलेले कर्ज हा सरळ मार्ग. डबे किंवा शिवण यांत भांडवल थोडे आणि कष्ट जास्त, त्यामुळे प्रश्न लहान असतो. महागडी यंत्रे घेणाऱ्यांनी मात्र तो आधीच सोडवावा.

जीएसटी कधी लागतो?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही, सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत. बंद पाकिटातला मसाला ही वस्तू. रोजचा डबा साधारणपणे सेवेत मोडतो, म्हणून डबेवाल्या ताईंनी ४० नव्हे, २० लाखांकडे लक्ष ठेवावे.

फसगत होते ती सीमेवर. राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते, काही हस्तकला वस्तूंचा अपवाद वगळता. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला कुरिअरने गेलेली चटणी यातच आली, मग ग्राहक आपली मावशी का असेना. ई-कॉमर्स संकेतस्थळावरून माल विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे. विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन नोंदणीशिवाय विकता येते. या संकेतस्थळांनी ०.१ टक्का टीडीएस कापायचा असतो. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल, तर तोही नाही. कापला गेलाच, तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

उत्पन्न वाढवण्याच्या वाटा कोणत्या?

पहिला कागद उद्यम नोंदणीचा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. हजार-दोन हजार मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळे खासगी आहेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना घरातूनही एफएसएसएआयची नोंदणी हवीच.

मुद्रा योजनेत तारण न देता कर्ज मिळते: ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत, ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत आणि आधीचे ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. खाद्यप्रक्रिया करणाऱ्यांसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांचे अनुदान कर्जाला जोडून देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. नव्या अर्जांची स्थिती जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारूनच यंत्राची आगाऊ रक्कम भरावी.

उद्यम नोंदणीचा सर्वात कमी वापरला जाणारा फायदा उधारीचा आहे. पापड, लोणची, शिवलेले गणवेश दुकानदाराला किंवा कंपनीला दिले, तर पैसे दोन-चार महिने अडकणे नित्याचे. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. २०२३-२४ पासून कलम ४३-बी(एच) आले. या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच करता येतो. मार्च जवळ आला की मोठ्या खरेदीदारांचे सीए जुनी बिले शोधू लागतात, ते यामुळेच. ही तरतूद स्वतः माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. तिचा लाभ हवा असेल, तर माल देण्यापूर्वी नोंदणी झालेली असावी आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा. तरीही पैसे आले नाहीत, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते.